ओट्यापाशी उभ्याने खाल्लेलं कोण मोजणार?

प्रश्न असा आलाय, थोडा आटोपशीर करून देते: "वय ३८, उंची १५६ सेंमी, वजन ७४ किलो. राहते डोंबिवलीला, नोकरी फोर्टला, बँकेत. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. सासूबाई आमच्यासोबत असतात, नवऱ्याला पाळ्या आहेत. जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि १९ दिवस गेले. कीटो केलं, ६ किलो उतरलं, ८ परत आलं. वडिलांना मधुमेह आहे, माझं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ आलंय. रात्रीची पोळी बंद करून सूप घेते, तरी काटा हलत नाही. आणि आता मुलगी म्हणते, मीपण रात्री फक्त सूप पिणार. वेळ अजिबात नाही. काय करू?"

मुलीचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, पण त्याकडे शेवटी येते. आधी एक जुनी गोष्ट सांगते.

ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून मला २१ वर्षं झाली. सुरुवातीला मी छापील तक्ते द्यायचे. सकाळी ७ ला भिजवलेले ५ बदाम, ११ ला फळ, ४ ला ताक, रात्री ७.३० ला जेवण. एक शिक्षिका तिसऱ्या खेपेला तो कागद परत घेऊन आल्या. चार घड्या पडलेल्या, कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा ठसा. म्हणाल्या, "मॅडम, तक्ता फार छान आहे. पण तो ज्या बाईसाठी लिहिलाय ना, तिच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे, गाडी आहे आणि पोरं नाहीत." मी हसले, पण रात्री झोप लागली नाही. तक्ते त्यानंतर बंद केले. त्यामुळे तुम्हालाही तक्ता देणार नाहीये.

तुमचं वजन दुपारच्या डब्यात नाही, आणि बंद केलेल्या त्या दोन पोळ्यांतही नव्हतं. तुमच्यासारख्या शेकडो आया (आणि हल्ली बरेच बाबाही) पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय की नोकरी करणाऱ्या आईबापांचं वजन वाढतं ते संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून ताटावर बसेपर्यंतच्या दीड-दोन तासांत. बाकीचा दिवस बहुतेकांचा बरा असतो.

तो वेळ आठवून बघा. दुपारी १ ला डबा खाल्लेला. ४ ला चहा आणि दोन बिस्किटं. मग फास्ट लोकल, उभ्याने तास-सव्वा तास, स्टेशनबाहेर रिक्षाची रांग. पावणेआठला घरी. पर्स खाली ठेवायच्या आधी धाकटा पायाला मिठी मारतो, मोठीची वहीवर सही हवी असते, कुकर लावायचा असतो. पोटात त्या वेळी नुसती भूक नसते, वणवा असतो. मग भाजी चिरता चिरता चिवड्याचा डबा उघडतो. मुलाला भरवताना एक घास त्याला, एक आपल्याला. मीठ बघायला एक पळी आमटी. कणीक मळताना सासूबाईंनी पुढे केलेला अर्धा लाडू. या सगळ्याला आपण जेवण म्हणतच नाही, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही. आणि पावणेदहाला सगळ्यांना वाढून झाल्यावर आपण सूप घेऊन बसतो आणि म्हणतो, मी रात्री काही खातच नाही.

तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही हं. मीही हेच करायचे. धाकट्याच्या वेळी वाढलेले १४ किलो दोन वर्षांनीही माझ्या अंगावर होते आणि मी रोज दहा जणांना वजन कमी कसं करायचं ते सांगत होते. एका पेशंटने सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः काय खाता?" त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा स्वतःवर लक्ष ठेवलं. माझ्या दोन्ही मुलांना पोळीच्या कडा आवडायच्या नाहीत. मधला मऊ भाग खाऊन कडा ताटात टाकायचे आणि त्या कडा मी ओट्याकडे जाता जाता तोंडात टाकायचे. त्या दिवशी टाकल्या नाहीत, वाटीत गोळा केल्या. रात्री जोडून बघितल्या, तर जवळजवळ दीड पोळी भरली. वर मी माझ्या वाटच्या दोन खाल्लेल्याच होत्या.

म्हणून तुमचं पहिलं काम एवढंच: तीन दिवस एक छोटी वही ओट्यावर ठेवा, पेन दोऱ्याने बांधून, नाहीतर ते मुलगा पळवेल. फक्त उभ्याने खाल्लेलं लिहायचं. ताटावर बसून खाल्लेलं लिहू नका, ते मला नकोच आहे. माझ्याकडच्या एका बाईंच्या वहीतली एक संध्याकाळ सांगते: दोन मुठी चिवडा, तूपसाखर लावलेली अर्धी पोळी, मुलाच्या बशीत उरलेले वरणभाताचे चार घास, दोन बिस्किटं, चीजचा अर्धा तुकडा. हिशेब केला तर साधारण ५०० कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, म्हणजे हैदराबादच्या एनआयएनच्या, २०२० च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईची दिवसाची गरज १६६० कॅलरी धरली आहे. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा उभ्याउभ्या गेला, आणि बाईंना वाटत होतं आपण उपाशी आहोत.

यावर उपाय मनोनिग्रह नाही. सात तासांची भूक घेऊन आलेल्या माणसाने चिवड्याच्या डब्यासमोर संयम ठेवावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. उपाय असा की घरी उपाशी यायचंच नाही. ऑफिसातून निघण्याआधी किंवा गाडीत बसायला मिळालं की काहीतरी भरीव खायचं. मूठभर फुटाणे घ्या: ३० ग्रॅम फुटाण्यांत साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि ११० च्या आसपास कॅलरी असतात. सोबत पेरू किंवा केळं. उकडलेलं अंडं चालत असेल तर तेही, फक्त गाडीत सोलू नका, शेजारचीला वास येतो. सकाळी डबा भरताना हा दुसरा छोटा डबा त्याच हाताने भरायचा. ज्या लेडीज डब्यात मटार सोलले जातात आणि मेथी निवडली जाते, तिथे फुटाणे खाणारीला कुणी हसत नाही. एवढा एकच बदल केला आणि पहिल्या महिन्यात सव्वा-दीड किलो उतरलं, अशा कितीतरी जणी मी पाहिल्यात. यात चमत्कार काही नाही. रोजच्या ३५० कॅलरी कमी झाल्या तर महिन्याला १०,५०० होतात, आणि अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात.

मुलांच्या ताटातल्या उरलेल्याचं काय? तुमच्या सासूबाई म्हणत असतील, अन्न टाकू नये. बरोबरच म्हणतात, त्यांच्याशी यावर वाद घालू नका. उपाय वाढण्यात आहे. चार वर्षांच्या मुलाला आपण आपल्या मायेच्या मापाने वाढतो, त्याच्या पोटाच्या मापाने नाही. पाव पोळी, दोन चमचे भात, तेवढीच भाजी वाढा. हवं असेल तर तो मागेल. मुलांना मागता चांगलं येतं. तरी उरलंच तर झाकून फ्रिजमध्ये. आपलं पोट म्हणजे उरलेलं ठेवायचं भांडं नव्हे, हे मी स्वतःला वर्षभर रोज सांगत होते.

आता तेल. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण वजनाचं बोलताना सगळे भात, बटाटा, आंबा यांना धरतात आणि तेलाचा डबा मजेत ओट्यावर बसलेला असतो. तुमच्या घरात महिन्याला किती तेल लागतं? बहुतेकांना सांगता येत नाही. पिशवी फोडताना तिच्यावर मार्करने तारीख घाला, एका महिन्यात आकडा कळेल. एनआयएनच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. मी माझ्याकडच्यांना मोठ्या माणसाला महिना अर्धा ते पाऊण लिटर तेल सांगते, कारण तूप, शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि बाहेरचं खाणं वेगळं चालूच असतं. पाच माणसांच्या घरात, त्यातली दोन लहान, महिन्याला सहा लिटर संपताना मी पाहिलंय. एक लिटर तेल म्हणजे ८,००० हून जास्त कॅलरी. ते कमी केलं तर घरातल्या सगळ्यांचंच कमी होतं, वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही आणि कुणी डाएटवर आहे हे कुणाला कळतही नाही.

कमी कसं करायचं? तेल बाटलीतून किंवा किटलीतून सरळ कढईत ओतायचं बंद करा. बरणीत चहाचा चमचा ठेवा आणि चमच्याने घाला. एक चमचा म्हणजे साधारण ४० कॅलरी. पाच जणांच्या भाजीला चार चमचे पुरतात, फोडणी छान बसते. फक्त मोहरी तडतडेपर्यंत धीर धरायचा आणि भाजीवर झाकण ठेवून त्यात पाणी घालायचं. उसळ कुकरमध्ये केली तर अजून कमी लागतं. पोळीच्या घडीत बोट फिरेल एवढंच तेल. आणि तळण रविवारचं ठेवा, रोजचा पापड भाजून घ्या. सांगायला सोपं आहे, पण तेलाची तवंग नसलेली भाजी पाहून सासूबाई पहिल्या आठवड्यात म्हणतील, आज काय आजारी माणसाचं जेवण का? त्यांनाही बीपी असेल तर डॉक्टरांचं नाव पुढे करा. आमच्याकडे तेच चाललं.

भात बंद करावा का, पोळीऐवजी भाकरीच खावी का, हे रोज विचारलं जातं. भाकरी मला स्वतःला प्रिय आहे, तंतू जास्त असतात, पोट भरल्यासारखं वाटतं. पण एक मोठी भाकरी ही दोन पातळ पोळ्यांच्या तोडीची असते, हे विसरून "भाकरीने वजन वाढत नाही" म्हणत तीन तीन खाणारे मी पाहिलेत. दोन पोळ्या आणि एक वाटी भात खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही. ताटाची दुसरी बाजू रिकामी असते, दुखणं तिथे आहे. आपल्या घरातलं वरण म्हणजे बहुतेक वेळा पिवळं पाणी. एका वाटीत जेमतेम १५-२० ग्रॅम डाळ, म्हणजे चारेक ग्रॅम प्रथिनं. किलोमागे ०.८३ ग्रॅम ही सर्वसाधारण शिफारस आहे. तुमच्या उंचीला योग्य अशा ५५ किलोच्या हिशेबाने ४६ ग्रॅम होतात, आणि वजन उतरवताना स्नायू झडू नयेत म्हणून मी ६० च्या आसपास धरते. पोळी, भात आणि पातळ वरणावर तिथवर पोचता येत नाही. अर्ध्यातच पोट भरतं पण भूक भागत नाही, आणि मग रात्री ११ ला फ्रिजचं दार उघडतं.

म्हणून वरण घट्ट करा आणि उसळीला भाजीचा नाही, मुख्य पदार्थाचा मान द्या. शनिवारी सकाळी मटकी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधा, रविवारी मोड येतात. ते डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले की तीन-चार दिवसांची सोय होते. सकाळी पोह्यांऐवजी आठवड्यातून तीनदा मुगाचं धिरडं, पीठ आदल्या रात्री वाटलेलं. दही रोज वाटीभर. अंडी खात असाल तर दोन, मासे खात असाल तर बांगडा उत्तम, तळायचा तेवढा नाही. सोयाबीनच्या वड्या मुलांना आवडतात आणि त्यांच्यात निम्मी प्रथिनं असतात. पाकिटातलं सूप मात्र उद्यापासून बंद करा. त्यात मीठ आणि पिठी जास्त, प्रथिनं नावाला. तुमच्या रात्रीच्या भुकेचं मूळ बऱ्याच अंशी त्या सुपात आहे.

उपवास करत असाल तर एक शब्द बोलते. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्याला साधारण ३५० कॅलरी, वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. उपवास श्रद्धेने करा, पण भगर, दही, राजगिरा, फळ यांच्यावर करा. खिचडी हवीच असेल तर वाटीभर, ताटभर नाही.

आणि हो, "दीक्षित की दिवेकर", म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची आहारपद्धत की ऋजुता दिवेकरांची, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक कौटुंबिक समारंभात निघतो, म्हणून सांगते. दीक्षितांचं, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण संपवायचं, हे काही जणांना खरंच जमतं, विशेषतः ज्यांची मधलीअधली खायची सवय मोठी आहे त्यांना. तुमच्या दिनक्रमात, दुपारी १ ला एक जेवण आणि रात्री पावणेदहाला दुसरं, मला ते पटत नाही. मधला काळ कसा जातो ते वर लिहिलंच आहे. कुठलीही पद्धत घ्या, ती मुलांच्या परीक्षेच्या आठवड्यात टिकली तरच ती तुमची. कीटो कसं टिकेल? ज्या घरात रोज पाच जणांच्या पोळ्या लाटायच्या, तिथे लाटणारीनेच पोळी खायची नाही, हा छळ आहे.

व्यायामाकडे वळते. जिमचे पैसे गेले याची लाज सोडा. १९ दिवस हा माझ्या अनुभवात चांगला आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. पण चालण्याने वजन भराभर उतरेल अशी आशा धरू नका. अर्धा तास झपझप चाललं तर तुमच्या वजनाला फार तर १५० कॅलरी जातात. एका वडापावाला तासभर. व्यायाम करायचा तो साखरेसाठी, हृदयासाठी, झोपेसाठी आणि डोकं ठिकाणावर राहण्यासाठी.

आपल्या लोकांना ताकदीचा व्यायाम चालण्याइतकाच लागतो, आणि तोच आपण करत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, नेमका २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून वेगळे. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही ठेवण सर्रास दिसते, आणि मधुमेह लवकर येण्यामागे तिचा हात आहे. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयच्या रेषाही खाली आणल्या आहेत: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. कमरेचा घेर बायकांचा ८० सेंमीच्या आत आणि पुरुषांचा ९० च्या आत हवा. तुमचा बीएमआय ३० च्या थोडा वर जातो. शिंप्याची टेप आणा आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा. काटा हलत नसताना टेप आधी हलते.

वेळ कुठून आणायचा? कुकरच्या शिट्ट्यांमधून. कुकर लावला की जेवणाच्या खुर्चीवर बसा-उठा, हात न टेकता, दहा वेळा. ओट्याला हात टेकून तिरके दंड दहा. टाचा वर-खाली वीस. तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन फेऱ्या होतात. धाकटा पाठीवर चढेल, चढू द्या, तेवढंच वजन. दोन आठवड्यांनी सोपं वाटलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. सूर्यनमस्कार येत असतील तर त्याहून उत्तम. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते संस्थानातल्या शाळांत नेले, ते काही उगाच नाही. पण बारापासून सुरू करू नका, चारच घाला, सावकाश. एक गोष्ट बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत: शिंकताना, उडी मारताना लघवी सुटत असेल तर उड्यांचे व्यायाम करू नका. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. फिजिओथेरपिस्ट त्याचे व्यायाम शिकवतात, आणि ते बरं होतं. "आता काय, दोन मुलं झाल्यावर असंच" म्हणून सोडून देऊ नका.

चालणं कसं बसवायचं, तर सकाळी स्टेशनला शेअर रिक्षा करत असाल तर आठवड्यातून तीनदा पायी जा. आणि रात्री शतपावली. आपल्याकडे शब्द तयार आहे, फक्त शंभर पावलांवर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात मुलांना घेऊन फिरा. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते, आणि तुमच्या ५.९ ला तेच हवंय.

त्या ५.९ बद्दल. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. अमेरिकेत २००२ मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात अशा लोकांनी ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढं ध्येय ठेवलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्याहून मला जवळचा वाटतो तो चेन्नईचा डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास. तिथे भारतीय माणसं होती, वजन फारसं उतरलंच नाही, तरी खाण्यात आणि हालचालीत बदल केलेल्यांमध्ये धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. काटा हलला नाही म्हणून सगळं फुकट गेलं, असं होत नाही ते यासाठी. तुम्हाला ७ टक्के म्हणजे पाचेक किलो. सहा महिन्यांत ६९. पुढचं पुढे बघू.

एकदा रक्त तपासून घ्या: टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व, कोलेस्टेरॉल. थायरॉइड निघालं तर गोळी घ्यायची, पण १५ किलो थायरॉइडने वाढत नाहीत. त्याच्या वाट्याला दोन-चार किलो येतात. साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. वजनाच्या इंजेक्शनांबद्दलही विचाराल, २०२५ पासून ती इथे मिळायला लागल्यापासून रोज विचारतात. ती खरी औषधं आहेत, काहींना लागतात, पण ठरवायचं डॉक्टरांनी, मैत्रिणीने किंवा पार्लरवालीने नाही. आणि ती घेतानाही प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम सुटत नाही.

झोप. मुलं झोपली की साडेअकरापासून पाऊण वाजेपर्यंत हातात फोन, हा तुमचाही वेळ असेल. दिवसभरात तेवढाच एक आपला, हे मला कळतं, म्हणून तो बंद करा असं म्हणणार नाही. अर्धा तास अलीकडे आणा एवढंच. पाच तास झोपलेल्या शरीराला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, आणि ती काकडीची नसते.

हा परिच्छेद नवऱ्याला वाचायला द्या. नमस्कार. तुमच्या बायकोने तिचं वजन कसं कमी करावं हे विचारलंय, पण तिला तुमच्याकडून आठवड्यातले दोन तास हवेत, तुमच्या ड्यूटीची पाळी बघून तुम्हीच वार ठरवा. त्या वेळात दोन्ही मुलं तुमच्याकडे, आणि "शर्ट कुठे आहे" असा फोन करायचा नाही. तेल चमच्याने घालायचं तुम्हालाही शिकता येईल. आणि त्या टेपने तुमचीही कंबर मोजा, ९० च्या आत आहे का बघा.

आता मुलगी. ती नऊ वर्षांची आहे, अंगाने भरायला लागण्याचं वय, हाडं वाढताहेत, पुढच्या दोन-चार वर्षांत पाळी येईल. या वयात मुलगी रात्री सूप पिऊन झोपायला लागली तर वाढीवर परिणाम होतो, आणि खाण्याशी तिचं जे नातं बिघडतं ते पुढे दुरुस्त करायला फार वेळ लागतो. पंधरा-सोळाच्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकींच्या बोलण्यात आईचं डाएट येतंच. तिला समजावू नका, भाषण तर नकोच. तिच्यासमोर आरशात पोट आत ओढणं, "मी जाडी झालेय" म्हणणं, पाहुण्यांसमोर "हिला बघा, अगदी माझ्यावर गेलीय" म्हणणं थांबवा. सासूबाईंनाही एकदा बाजूला घेऊन सांगा.

आणि आज रात्री सूप करू नका. निघताना फुटाणे खा, घरी आल्यावर पाच मिनिटं नुसतं बसा, कुकर उशिरा लागला तरी चालेल. मग सगळ्यांची ताटं एकदम वाढा, वाढणारीचंही. तिच्या शेजारी मांडी घालून बसा आणि मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, दही आणि दोन पोळ्या खा. तिने विचारलं, "आई, आज सूप नाही?" तर म्हणा, "नाही गं, मला भूक लागलीय." आणि पोळीच्या कडा तिच्या ताटात राहिल्या, तर राहू द्या.